भट्टीचे चार तास

लुडेनशाइडमध्ये रविवारी कारखाना बंद असतो.
मी विसरलेला थर्मास घ्यायला गेले होते, एवढंच.
चाचणीच्या खोलीत शुक्रवारपासून
जाड पाटावर आवळून ठेवलेले बारा बोल्ट,
दहा-नऊ प्रतीचे, कोरं जस्त ल्यालेले.
जवळपास कुणी नाही.

टक्.
सुपारी फुटावी तेवढाच आवाज.
सातव्याचं डोकं घरंगळत
माझ्या बुटापाशी येऊन थांबलं.

मऊ पोलाद आधी ताणतं, वाकतं,
सावध व्हायला वेळ देतं.
हा शेवटच्या क्षणापर्यंत ताठ होता.

सोमवारी तुटलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली धरली:
खडीसाखर.
दाणे सगळे शाबूत, धारदार;
त्यांना धरून ठेवणारं काहीतरी
तेवढं नाहीसं झालेलं.

हायड्रोजन. याहून लहान काही नाही.
गंज उतरवायला आम्ही बोल्ट आम्लात बुडवतो,
बुडबुडे उठतात, बहुतेक अणू जोडीजोडीनं निघून जातात.
ज्यांना जोडीदार मिळत नाही ते आत शिरतात,
एकेकटे, लोखंडाच्या जाळीतून, भाडेकरार न करता.
वर जस्त चढलं की दार लागतं.
मग नट आवळला जातो, आणि ते सरकू लागतात
जिथे ओढ सर्वांत जास्त, त्या पहिल्या आट्याच्या खाचेकडे.
त्यांना घाई नसते. एक दिवस. दोन दिवस.

म्हणून तर भट्टी:
जस्त चढल्याबरोबर दोनशे अंश, चार तास.
उकडलं की निघून जातात बिचारे.

नूरेत्तीन एर्दिंच आम्लाच्या टाकीवर एकवीस वर्षं आहे.
नोंदवही पुढे केली तशी तो
हातमोज्याचं एकेक बोट ओढत राहिला.
“भट्टी दीड तासात बंद पडली, फ्राउ ब्रिंकशुल्ट.
गाडी दारात उभी होती. मी चार लिहिले.”

चारच्या खाली त्याची सही.
तिच्या खाली माझी,
शुक्रवार, तीन पंचावन्न; पाळणाघर चारला बंद होतं,
आणि मी न वाचताच पेन फिरवलं होतं.

नऊ हजार बोल्ट. कीलच्या क्रेनवाल्यांकडे.
मी फोन लावला. पलीकडे वाजत राहिला.
नूरेत्तीन गेला नाही, बसलाही नाही.

मागे पाटावर
टक्.

“अकरावा,” तो म्हणाला,
मान न वळवता.