केणी आणि केणे ही एकच व्यक्ती

तुझ्या मरणाच्या दाखल्यावर तू केणी आहेस,
निहारच्या जन्माच्या दाखल्यावर केणे.
वेलांटीच्या जागी कुणाच्या तरी हातून मात्रा पडली.
बारा वर्षं कुणाला खुपली नाही,
माल्टाच्या व्हिसावाल्यांना खुपली.

म्हणून ठाण्याचा कोर्ट नाका.
शंभराचा स्टँप पेपर बंद झाला म्हणे, आता पाचशेचा.
टायपिस्ट वाचून दाखवत होता, सवयीच्या सुरात :
'सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की
पद्माकर हरेश्वर केणी आणि पद्माकर हरेश्वर केणे
ही एकच व्यक्ती आहे.'
थांबला. वर बघितलं.
'आहे की होती?'
'होती,' म्हटलं.
त्याने मागे जाऊन दोन अक्षरं खोडली.

नोटरी बाई डबा खात होत्या.
बोटाची भेंडीची तार रुमालाला पुसून
त्यांनी शिक्का उचलला,
'खरं आहे ना सगळं?'
हो म्हटलं.
पण उतरताना जिन्याच्या वळणावर
पाय आपोआप थांबले.

वागळे इस्टेटमध्ये लेथवर वाकलेला, कानामागे पेन्सिल,
रविवारी पोराला खांद्यावर घेऊन
बाळकुमच्या खाडीत निवट्या दाखवणारा,
चिखलातून उडी मारली की दोघंही ओरडायचात,
तो एक.
कंपनीला कुलूप लागल्यावर
आवाज बंद करून टीव्ही बघत बसणारा,
मी रात्रपाळीहून आले की
'आलीस?'
एवढंच. त्यापुढे दिवसभर काही नाही.
तो दुसरा.
एक दुसऱ्याला ओळखत तरी होता का, देव जाणे.
मी पाचशे रुपयांत दोघांना एक केलं,
वर नोटरीची फी वेगळी.

पुढची खिडकी.
'कागद ज्याच्या नावाचा, तो स्वतः हजर पाहिजे.
एजंट चालत नाही, नातेवाईक चालत नाही.
पाटी वाचली नाहीत?'
वाचली होती.
मी काही न बोलता दाखला आत सरकवला.
त्याचं बोट ओळीवरून फिरत गेलं,
नाव, वय, पत्ता,
आणि मग एका शब्दावर उभं राहिलं.
त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मागे अबुधाबीला निघालेला वेल्डर होता,
तो हसायला गेला आणि हसू तसंच गिळून
छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

'मग तुम्ही कोण?'
'बायको.'
'हां. बसा.'
नोंदवहीत 'अर्जदार हजर' असा रकाना होता.
पेन त्याच्यावर जरा वेळ तरंगलं.
वरिष्ठांना विचारावं का, असंही त्याच्या मनात आलं असेल.
मग केली एकदाची खूण.
म्हणजे त्या मंगळवारी, अकरा चाळीसला,
सरकारदरबारी तू हजर होतास.
मी शेजारची खुर्ची बघितली.
तिच्यावर कुणाची तरी छत्री होती.

अठरा दिवसांनी कागद परत आला.
पाठीवर एक चौकोन चिकटवलेला,
लांबलचक नंबर, कोपऱ्यात सही, वाचता न येणारी.
तू पासपोर्ट कधी काढला नाहीस.
फॉर्म आणला होतास, फोटोसुद्धा काढलास,
इस्त्रीच्या निळ्या शर्टातला, चार प्रती,
त्या अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत, फ्रिजवर.
आता तुझं मरण शंभरावर देशांत ग्राह्य धरतील,
कुठेही दाखवा, कुणी शंका काढणार नाही.
तू मात्र कल्याणच्या पलीकडे जायचं म्हटलं
की पोट दुखतं म्हणायचास.

निहार कागद उलटासुलटा करून बघत होता.
'तिथल्या शाळेत आडनाव कसं लिहू?
बाबाचं की माझं?'
पंधरा ठिकाणी सह्या केलेला हात
मी नळाखाली धरला होता, शाई जात नव्हती.
म्हटलं, आधी जेवून घे.