नियम क्रमांक सतरा

धरणगावच्या जिनिंगच्या फाटकाशी मी म्हटलं,
फायरवॉल बघायला आलेय.
धुडकूआबांनी बॅटरी पेटवली
आणि मला घेऊन गेले थेट मागे,
रुईच्या ढिगापलीकडे,
जिथे खरोखरच एक भिंत आहे:
विटांची, दीड हात जाड, वरून काजळलेली,
तिच्यावर ओळीने टांगलेल्या लाल बादल्या,
बादल्यांत वाळू, खाली ठेवलेल्या एकीत मांजरीची पिल्लं.
"हाई देख," म्हणाले,
"ऐंशीनी आगमा हाईच उभी ऱ्हायनी."

मला हवी होती ती भिंत
मुनीमजींच्या खोलीत, कपाटावर,
जेवणाच्या डब्याएवढी.
जाळीत रुईचे तंतू अडकलेले,
पंखा जिना चढून आल्यासारखा धापा टाकणारा.
रोज पहाटे तीनला ती नवं काही शिकायला निघते,
रोज तीन वाजून दोन मिनिटांनी तीच ओळ लिहिते:
अपडेट अयशस्वी. सर्व्हरशी संपर्क झाला नाही.
एकेचाळीस ओळी, एका अक्षराचा फरक नाही.
मी असते तर दहाव्या दिवशी शिवी लिहिली असती.

आधी केबल. काढली, फुंकली, लावली.
फुंकरीने काही होत नाही हे माहीत असूनही फुंकली.
हिरवा दिवा लुकलुकतो. गेटवे उत्तर देतो.
बाहेरच्या एका आकड्याला हाक मारली,
चाळीस मिलिसेकंदांत ओ आली.
नावाने हाक मारली तर
कुणी नाही.

म्हणजे डीएनएस.
ही ज्याला पत्ते विचारते
तो आकडा जुन्या टेलिफोन लाइनचा.
ती लाइन सव्वा महिन्यापूर्वी काढली,
तिची तारसुद्धा कोणीतरी गुंडाळून नेली,
आणि ही रोज पहाटे तीनला
त्या रिकाम्या घराची कडी वाजवत बसलेली.

नवा आकडा घातला. नाव सापडलं.
मी पाणी प्यायले.
डाउनलोड: शून्य टक्के.
शून्य टक्के.
खुर्चीखालून डास.
शून्य.

धुडकूआबा चहा घेऊन दारात टेकले.
काही विचारलं नव्हतं, तरी सांगू लागले:
मागे मालकाने नियम काढला होता,
गेटपासशिवाय माणूस बाहेर सोडायचा नाही.
शनिवारी पासांचं पुस्तक संपलं.
नवं आणायचं तर बाजारात जायला हवं,
आणि जायला पास हवा.
मग? मी विचारलं.
"मंग काय. सोम्मारलगून मी अन् नियम, दोन्ही बठेल."

मी हसले, आणि हसता हसताच
बोट नियमांच्या यादीकडे गेलं.
पंधरा. सोळा.
सतरा: फायबरवरून बाहेर जाणारं सगळं बंद.
पिंग, नावं आणि बँक तेवढी सोडून.
शेरा: घाईत केलंय, नंतर पाहू. कुंदा.

कुंदा मी.
साडेपाचची पॅसेंजर गाठायची होती त्या दिवशी,
भुसावळला पोरगी शिकवणीच्या दारात थांबलेली.
वाटेत चोर कोण कोण असतील
याचा सगळा विचार मी केला होता,
डब्याला स्वतः बाहेर जावं लागतं
एवढंच सुटलं.

सतराच्या वर एक ओळ घातली:
हिला जाऊ द्या, हिच्या सर्व्हरपर्यंतच.
चार टक्के. एकोणीस.
साठवर इतका वेळ थांबलं
की चहावर साय धरली.
मग पुन्हा सुरू होण्याआधीचा अंधार,
सगळे दिवे गेलेले, पंखा गप्प,
त्या चार मिनिटांत
जिनिंगला फक्त विटांचीच भिंत होती.

नारिंगी. नारिंगी. हिरवा.

"नंतर पाहू" मी खोडलं नाही.
पुढे आजची तारीख लिहिली
आणि: पाहिलं.

फाटकाशी आबांनी बॅटरी माझ्या चपलांवर धरली.
"उभी ऱ्हायनी का?"
ऱ्हायनी, म्हटलं.
तुमच्या एका बादलीत तेवढी वाळू कमी आहे.
"माहीत शे," म्हणाले.