तपासणी, कळंगुट

परवाना भिंतीवर, सायबिणीच्या शेजारी,
दोघांना एकाच बल्बचा उजेड.
बारा वर्षं मी काच पुसली.
मागची अटींची पानं कधी उलटून पाहिली नाहीत.

पर्वतकर बाईंनी फ्रेम खिळ्यावरून काढली,
पाठचा पुठ्ठा सोडवला,
एक कलम वाचून दाखवलं
हळू आवाजात, औषधाची मात्रा सांगावी तसं:
कधीही. कुठलाही कागद. कुठलाही खण.

इनासबाबांनी लिंबूसोडा मागवला.
तो टेबलावरच निवळत गेला.

मग जूनची वही.
जूनमध्ये किनाऱ्यावर लाल बावटे,
शॅक मोडून बांबू घरी नेलेले,
आमचं शटर अर्धं खाली
आणि वहीत सतरा रशियन
डॉलर मोडतायत,
सगळे एकाच पासपोर्टवर,
जो मार्चमध्येच विमानात बसून गेला.

बाई रागावल्या नाहीत.
पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवत राहिल्या.
इनासबाब म्हणाले, सर्व्हर डाऊन होता.
म्हणाले, चेडूं नवीन आहे.
नवीन! बारा वर्षं.

निघताना बाईंनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला:
सोबत नेणार त्या वह्यांची यादी करा,
दोन प्रतींत.
मी लिहू लागले.
इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ,
सिस्टर लुर्दिनांनी पट्टी मारून शिकवलेली.

त्या रेघेपाशी बाईंची नजर थांबली.
जूनच्या वहीकडे गेली. परत आली.

"सावकाश लिहा," म्हणाल्या.