पाचरी

बितोमच्या या गल्लीत मी वर्षातून दोनदा येते.
भिंतीतली पितळी खूण दुर्बिणीत धरते,
वहीत लिहिते: मार्चपासून अकरा मिलिमीटर खाली.
गल्लीला पत्ता नसतो.
लाल चौकटींच्या खिडक्या, वाळत घातलेल्या चादरी,
सगळं मिळून खाली चाललेलं.

शेवटचं घर गेरत्रूडा श्योल्तिसेक यांचं.
जिन्यातल्या चिरेवर आम्ही काचपट्टी चिकटवली होती.
"फुटली," त्या म्हणाल्या, "मंगळवारी, पावणेतीनला.
आधी ग्लास वाजले, मग कबुतरं उठली,
मग मी."
सातशे मीटर खाली, कोळसा काढून नेलेल्या पोकळीवर
छत बसलं होतं.
खाणीच्या नोंदीत तो एक आकडा आहे, मागे सात शून्यं.
"आलोयझ असता तर पडल्यापडल्या थर सांगितला असता,
'हा पाचशे दहा', आणि पुन्हा घोरायला लागला असता."

त्या बटाट्याचे गोळे वळत होत्या.
प्रत्येकात अंगठ्याने एक खळगा,
रस्सा साठावा म्हणून.
माझ्या नकाशावरही असेच खळगे आहेत.
त्यांत पाणी साठतं, बदकं येतात,
दहा वर्षांनी कुणीतरी त्याला तळं म्हणतं,
काठावर बाक टाकतं.

टेबलाच्या दोन पायांखाली पाचरी होत्या,
पलंगाखाली, कपाटाखाली, शिवणयंत्राखालीसुद्धा.
घर पूर्वेला कललं तसतशा आलोयझने तासलेल्या.
प्रत्येकीवर पेन्सिलीने साल.
एकोणऐंशी. चौऱ्याऐंशी. शहाण्णवच्या दोन.
शेवटचीवर अक्षर हललंय,
तेव्हा त्याच्या छातीत धूळ फार झाली होती.

यंदा कंपनीने घर सरळ करायचं ठरवलं.
तळघरात भिंत आडवी कापली,
चाळीस जॅक लावले,
आणि तीन आठवडे घर वर येत राहिलं,
दिवसाला नखाएवढं.
चुलीवर सूप तसंच उकळत होतं.

ऑक्टोबरमध्ये गेले. पातळीयंत्रातला बुडबुडा
अगदी मधोमध. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.
दार उघडलं तर त्रूदाबाई भिंत धरून चालत होत्या,
जहाजावरून उतरलेल्या माणसासारख्या.
"चहा सांडतो गं," म्हणाल्या.
"सरळ घरात पाय कुठे टाकायचा
हे पाय विसरलेत."
आणि टेबल
आता उलट्या बाजूला कललं होतं.

मी फरशीवर गुडघे टेकले, पाचरी काढायला लागले.
त्या वरून सालं विचारत होत्या.
मी वाचून दाखवत होते.
चौऱ्याऐंशीला त्या म्हणाल्या, "तेव्हा एवा झाली."
शहाण्णवला काहीच नाही म्हणाल्या.

"आता झालं ना? बसलं ना सगळं?"

पुढची पट्टी फेब्रुवारीत सुरू होते.
नकाशावर ती या गल्लीखालून जाते,
मीच आखलेली आहे ती रेघ.
मी म्हटलं, बघू.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जास्त वेळ नाही.
खाणकामगाराच्या बायका असं पाहतात.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
त्यांनी पाचरी ओळीने लावल्या, साल वर करून.
डबा माळ्यावर ठेवू का, मी विचारलं.
नको. खिडकीत,
हाताला येईल असा.
झाकण सैल आहे त्याचं.
ग्लासांच्याही आधी वाजेल.