दुष्फेन

गीझर उघडला की घर कळतं.
कॉइल ओढतो तर अर्धीच बाहेर येते,
वारुळातून उपसल्यासारखी,
अंगावर बोटभर जाड चुना.
छिन्नी लावतो. टक. टक.
खपल्या जुन्या पेपरावर पडतात
आणि भामरे वहिनी दारातून विचारतात,
भाऊ, एवढं सगळं आमच्या पोटात जातं?
मी म्हणतो, साडेतीनशे झाले.

बोरीच्या या काठावर
नळाला पाणी आठव्या दिवशी,
तेही निम्मं बोअरचं.
हंड्यात नितळ दिसतं, देवालाही चालेल असं.
वाळलं की बोलायला लागतं.
स्टीलच्या पेल्यांवर गोल गोल डाग,
काळ्या फरशीवर पावलं पांढरी,
कुणी आत्ताच रांगोळी तुडवून गेल्यासारखी.
शॉवरच्या चाळीस भोकांपैकी सहा चालू,
त्यातलं एक थेट खिडकीबाहेर.
वैशाखात कूलरच्या जाळ्यांची खडी होते.
शाळेचे सदरे दिवाळीच्या आतच राखाडी.
आणि साबण,
तो फेसत नाही, फाटतो
नासलेल्या दुधासारखा,
बोटांच्या बेचक्यात राहतो.

इंदूबाई बडगुजर कुकरसमोर पाट टाकून शिट्या मोजते.
सात व्हई ग्यात रे भाऊ,
दाय आजून खडाखडा शे.
मना माहेरले तीन शिट्यास्मा लोनी.
माहेर तापीकाठचं, मुडावद.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली,
चिमूटभर सोडा टाकताना
अजून चोरून टाकते.

नववीत वाणी गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं: दुष्फेन.
ज्यात साबणाचा फेस होत नाही ते.
उकळून जातं तो दोष तात्पुरता,
उकळूनही राहतो तो कायमचा.
सबंध विज्ञानात मला एवढंच पाठ झालं
आणि त्यावरच पोट चाललंय.

परवा गुरुजींच्याच घरी गेलो.
गीझर नव्हे, भिंतीतला नळ बसला होता.
पाइप कापला. तीन सुतांचं भोक
ज्वारीच्या दाण्याएवढं उरलेलं.
गुरुजी सावकाश आत गेले,
फिल्म रोलची जुनी डबी घेऊन आले
आणि पेपरावर, माझ्या खपल्यांशेजारी,
एक खडा ठेवला.
नाशिकला काढला, म्हणाले, मागच्या पौषात.
मग दोन्ही बोटांनी ढवळून सगळं एक केलं,
चष्मा कपाळावर चढवला
आणि मला विचारलं, जसं तोंडी परीक्षेत विचारायचे,
सांग, यातला माझा कुठला?

मला सांगता आलं नाही.
पैसे घ्यायचेही राहिले.

श्रावणात कानबाई बसते.
रोटाच्या पुरणाला हरभऱ्याची डाळ,
ती काय सोड्यावर शिजवायची?
म्हणून इंदूबाईचा भाचा मुडावदहून
एसटीच्या शेवटच्या सीटखाली
दोन कॅन तापीचं पाणी घेऊन आला.
कंडक्टरने लगेज फाडलं नाही. कानबाईचं आहे, म्हणाला.
पुरण शिजलं.
कॅनच्या तळाशी तांब्या-दीड तांब्या उरलं,
ते तिनं माझ्या हातात दिलं,
जा, पोरले दे.

किमयाने त्यात डोकं धुतलं.
आतून ओरडली, पप्पा, फेस!
आई म्हणाली, पुरे गं, संपव.
ती संपवेना.
दाराखालून आधी पांढरी कड दिसली,
मग आख्खा ढग बाहेर आला,
हलका, शिकेकाईच्या वासाच्या शाम्पूचा,
आणि मोरीच्या जाळीपाशी येऊन थांबला,
तिथून पुढं जायचं कसं
त्याला माहीत नसावं.
माझ्या हातात भामऱ्यांची कॉइल होती, दुसऱ्यांदा जळलेली.
फेसाचे एकेक डोळे मिटेपर्यंत
मी तिथंच उभा राहिलो,
पाय न टाकता.