शेवटचं मूल्य

नोंद क्रमांक सत्तावीस हजार एकशे चार.
हस्तलिखित वही, पानं बासष्ट, कडा वावळीने खाल्लेल्या.
आत चादरींच्या नक्ष्या, चौकटीच्या कागदावर,
खाली तेलुगूत आकडे,
मध्येच एका ठिकाणी मराठीत: लाल इथे संपतो.
लेखक: अज्ञात.

वाळवीची वावळी कुणी केली
एवढंच बघायला
मी ‘बदलांचा इतिहास’ उघडला
आणि पडदा खाली खाली सरकतच राहिला.

१४ जून, सकाळी ११:०२. वापरकर्ता मेरगू.
जुनं मूल्य: अज्ञात. नवं मूल्य: येमूल, लच्छम्मा.
१४ जून, दुपारी ४:४०. वापरकर्ता हत्तरकी.
जुनं मूल्य: येमूल, लच्छम्मा. नवं मूल्य: अज्ञात.
शेरा: आधार नाही.
१७ जून. मेरगू. शेरा: आमच्या गल्लीत विचारा.
१७ जून. हत्तरकी. शेरा: गल्ली हा आधार नव्हे.

असं अकरा वर्षं.

मी दोघांनाही पाहिलंय.
एकच टेबल, मध्ये डिंकाची बाटली.
रोज दीड वाजता मेरगूंच्या डब्यातली शेंगाचटणी
हत्तरकीबाईंच्या कडक भाकरीवर.
ते घरी तेलुगू, त्या घरी कानडी,
टेबलावर मराठी, तीही मोजकी:
सरकवा जरा. पंखा वाढवा. ऊन बघा.
आवाज चढलेला मी ऐकला नाही कधी.
सगळं इथं होतं,
तारीख, वेळ, मिनिटासकट.

एका मे महिन्यात चार दिवस कोरे.
पारा चव्वेचाळीसवर, सर्व्हर तापून बंद.
पाचव्या दिवशी सकाळी, दारं उघडल्या उघडल्या,
मेरगू. येमूल, लच्छम्मा.

आमच्या गावची चादर उलटी केली
तर फुलाचा रंग जमिनीला जातो, जमिनीचा फुलाला.
सुलटी कुठली
हे दुकानदार सांगेल ते.
मला वाटलं, हे तसंच काहीतरी आहे.
पण तसं नव्हतं.

मेरगू निवृत्त झाले. पुढच्या वर्षी गेले.
नोंद दीड वर्ष अज्ञात,
कुणी हात लावला नाही, भांडायला कुणी नव्हतं.
मग ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५०,
बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस,
खाली हॉलमध्ये हार आणि पेढे वाट बघत असताना:
वापरकर्ता हत्तरकी.
जुनं मूल्य: अज्ञात.
नवं मूल्य: येमूल, लच्छम्मा (?)
शेरा: गल्लीत जाऊन आले.

१ डिसेंबर, पहाटे २:००.
वापरकर्ता: प्रणाली.
लेखक रकान्यात अवैध चिन्ह. मूळ मूल्य पुनर्स्थापित.
एकूण बदललेल्या नोंदी: चार हजार दोनशे सहा.

यंत्राचा राग तरी कसा करायचा?
त्याने प्रश्नचिन्ह पाहिलं,
बाई कुठवर चालत गेल्या ते त्याला कुठून दिसणार.

सोमवारी नवीन सॉफ्टवेअर.
पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला,
इतिहास येणार नाही, फार जागा खातो.
शेवटचं मूल्य तेवढं जाईल.

शुक्रवार. सव्वासहा.
जमादार चाव्यांचा जुडगा घेऊन दारात,
बंद करायलाव का मॅडम?
थांबा म्हटलं.

जुनं मूल्य: अज्ञात.
नवं मूल्य: येमूल, लच्छम्मा.
प्रश्नचिन्हाचं मी टिपेत वाक्य केलं, यंत्राला चालेल असं:
श्रेयाबाबत दोन मतं होती, नंतर एक झालं.
मग तो सगळा इतिहास छापला, एकोणीस पानं,
आणि वहीच्या मागे ठेवला,
लाल संपतो त्याच्या पुढे.

कन्ना चौकात रिक्षा सिग्नलला थांबली
तेव्हा आठवलं,
वावळी तशीच राहिली.
आणि ती कुणी केली तेही वाचलं होतं की मी,
तळाशी, सगळ्यात जुन्या ओळीत,
नोंद पहिल्यांदा भरली त्या दिवशी,
वापरकर्ता:
माझंच नाव, लग्नाआधीचं.