पेव

हरिपूरच्या रस्त्याला आता चिंचा मोजण्याइतक्या उरल्यात.
रिक्षावाला विचारतो, देवळापाशी सोडू का घाटावर?
मी म्हणते, पेवांच्या माळावर.
तो आरशातून माझ्याकडे बघतो.
पंचविशीचा असेल. त्याच्या लेखी पेव
फुटतं ते क्लासेसचं, पतसंस्थांचं.

इथं जमिनीखाली हळद झोपायची.
माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड,
आत खोलीएवढं पोट,
कडेनं गवत, उसाचा पाला,
तोंडावर फरशी, फरशीवर माती,
आणि त्या मातीवर आम्ही पोरी
कुणा शेठच्या दोनशे पोत्यांवर
लंगडी घालायचो.

आमचा अप्पा पेवात उतरायचा.
उघडल्या उघडल्या नाही.
पेवाला आधी श्वास घेऊ द्यायचा,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील विझला, तर माणसानं जायचं नाही.
शेठ कितीही ओरडू दे,
उद्या भाव पडू दे,
जायचं नाही.

त्या दिवशी शाळेची सहल औदुंबरला गेली होती
आणि तीन रुपयांपायी मी
पेवाच्या तोंडाशी दोरी धरून बसले होते.
खालून अप्पा म्हणाला, वर कोन हाय गं?
मी बोलले नाही.
वर कोन हाय?
मी फ्रॉकचा दोरा ओढत राहिले.
मालन, हायस न्हवं?
दोरा बराच लांब निघाला.

संध्याकाळी तो वर आला, पापण्यांपर्यंत पिवळा.
बोलला काही नाही.
खिशातून भडंगाची पुडी काढून दिली.
भडंगालाही हळदीचा वास होता.

एवढंच.
काही घडलं नाही.
दोर तुटला नाही, कुणी गुदमरलं नाही,
अप्पा पुढं सव्वीस वर्षं जगला
आणि मिरजेच्या दवाखान्यात भलत्याच दुखण्यानं गेला.
त्या सव्वीस वर्षांत कधीही म्हणता आलं असतं,
अप्पा, त्या दिवशी मी होते.
चहा देताना. त्याची नखं कापताना.
पण कोण काढतं असलं?

दोन हजार पाचच्या पुरात पेवांत पाणी शिरलं.
मग बुजवली बरीच. आता प्लॉट पडलेत,
नंबर लिहिलेले दगड, तारेचं कुंपण.
कोपऱ्यात एक उरलंय, आत बाभूळ वाढलेली.
मी गुडघे टेकून वाकते,
मोबाइलची बॅटरी लावते.
पाला, बिसलेरीची बाटली, कुणाची तरी एक चप्पल.

मोबाइलची बॅटरी कुठंही विझत नाही,
म्हणून तिचा भरवसा नाही.
ती म्हणत राहते, उतर, उतर, दिसतंय की सगळं.
नातवानं तिच्यात जुने फोटो भरून दिलेत,
रात्री दोन दोन वाजेपर्यंत मी उतरत असते.
घुसमटायला लागलं की कळतं,
आपण कंदील सोडलाच नव्हता.

मी हाय, अप्पा.
म्हणून बघते. मोठ्यानं.
आवाज खाली जातो आणि पाल्यात बसतो.
पूर्वी पेव आवाज परत द्यायचं.
आता अर्धं मातीनं भरलंय, त्याचा काय दोष?

एकदा मीच हट्ट धरला होता, मला पण खाली ने.
तेव्हा तो हसला होता.
येडे, दोघं खाली गेल्यावर
वर ओढणार कोन?
तू आपली वरच ऱ्हा.

गुडघ्याची माती झटकते. पिवळी नाही, साधी काळी.
कुंपणापलीकडून हॉर्न वाजतो,
वेटिंग लागंल म्हणतो, मग काळजीनं,
ओ मावशी, हाय का तिकडं?

पहिल्याच हाकेला
मी ओ देते.